धुऊन ठेवलेला ब्रश पुढच्या वेळी कडक का निघतो: लक्षणे, तपासण्या आणि कुठे थांबावे

घराचे रंगकाम आटोपले, ब्रश धुऊन माळ्यावर ठेवला, आणि काही महिन्यांनी खिडक्या रंगवायला तोच ब्रश काढला तर तो निकामी झालेला निघाला, ही तक्रार इंदूरच्या मराठी घरांत दिवाळीनंतर हमखास ऐकू येते. रामबागेपासून सुदामानगरपर्यंतच्या ओळखीच्या घरांतले असे ब्रश गेली अनेक वर्षे माझ्याकडे येत आले आहेत. बिघाडाची रूपे निरनिराळी असली, तरी त्याचे मूळ बहुतेक वेळा एकाच जागी सापडते, आणि ती जागा म्हणजे केस जिथे पत्र्याच्या पट्टीत शिरतात ते ब्रशचे बूड. धुताना सगळे लक्ष टोकांकडे जाते, बुडात रंग राहतो, आणि पुढचे सगळे त्रास तिथून सुरू होतात. म्हणून खाली दिलेल्या तपासण्या क्रमानेच कराव्यात. पहिल्या दोहोंना जवळजवळ काहीच खर्च येत नाही, आणि पुष्कळदा तेवढ्यावरच काम भागते.

लक्षणे

सर्वांत जास्त आढळणारे लक्षण असे, की टोके मऊ लागतात, पण केस बोटांनी दुभंगून पाहिले तर आतला भाग घट्ट असतो आणि बुडाशी वाकतच नाही. त्याखालोखाल ब्रश फुलण्याची तक्रार असते: केस दोन्ही बाजूंना पसरतात, मध्ये भांग पडतो, आणि चौकटीच्या कडेने सरळ रेघ येत नाही. काही ब्रश ओले असताना अगदी मऊ असतात, पण वाळले की ताठ होतात, आणि चोळल्यावर त्यांतून पांढुरकी भुकटी पडते. काही वाळूनही हाताला चिकटतात आणि धूळ धरतात.

उरलेली लक्षणे रंगवायला बसल्यावरच कळतात. पांढरा हात मारताना मधूनच जुन्या निळ्या-हिरव्या रंगाची पुसट रेघ उतरते, कधी तांबूस डाग पडतो, किंवा केस गळून ओल्या रंगात रुततात. पट्टी दांड्यावर हलू लागली असेल, तर तेही लक्षणच समजावे.

पहिली तपासणी: बूड उघडून पाहणे

ब्रश उजेडात धरावा, केस दोन्ही अंगठ्यांनी मधोमध फाकवावेत आणि पट्टीच्या काठापर्यंत आत पाहावे. तिथे रंगाचा पापुद्रा, खडे किंवा केसांचे जुडगे दिसले, तर कडकपणा आणि फुलणे या दोन्ही तक्रारींचे कारण सापडले. वाळलेला रंग केसांमधली जागा अडवतो, त्यामुळे केसांना सरळ राहता येत नाही आणि ते बाहेर ढकलले जातात. फुललेल्या ब्रशला नुसता दोरा गुंडाळून आकार देण्याचा खटाटोप याच कारणाने वाया जातो, कारण बूड मोकळे झाल्याशिवाय दोरा सोडताच केस पुन्हा फाकतात. जुन्या रंगाची रेघ उतरते तीही याच साठ्यातून. नव्या रंगातले पाणी किंवा टर्पेंटाइन आत पोचले की पूर्ण न वाळलेला जुना रंग पाझरू लागतो.

बूड स्वच्छ असूनही ब्रश ताठ असेल, तर दोष रंगाचा नसण्याची शक्यता बरीच आहे. तशा वेळी तिसऱ्या तपासणीकडे जावे.

दुसरी तपासणी: ब्रशमध्ये वाळलेला रंग कोणता आहे?

हा प्रश्न सोडवल्याशिवाय ब्रश कशातही बुडवू नये. चिकट राहिलेल्या ब्रशांत मला सर्वाधिक आढळणारे कारण म्हणजे ऑईल पेंटचा ब्रश आधी पाण्यात घातलेला असणे. पाणी तेलाच्या रंगाला विरघळवू शकत नाही. केसांभोवती ओलावा मात्र धरून राहतो, आणि नंतर वापरलेल्या टर्पेंटाइनला रंगापर्यंत पोचणे अवघड होते.

डबा शिल्लक असेल तर त्यावर पातळ करण्यासाठी काय वापरावे ते छापलेले असते, आणि ज्याने रंग पातळ होतो त्यानेच ब्रश धुतला जातो. डबा नसेल तर कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून वाळलेल्या रंगावर अर्धा मिनिट घासावा. रंग मऊ पडून कापसाला लागला, तर तो बहुधा पाण्यात मिसळणारा रंग आहे, म्हणजे आपण ज्याला प्लास्टिक पेंट म्हणतो ते ॲक्रिलिक इमल्शन, किंवा डिस्टेंपर. कापूस स्वच्छ राहिला तर तो सिंथेटिक इनॅमल, म्हणजे ऑईल पेंट असण्याचा संभव अधिक. मात्र लाखेचे पॉलिशही स्पिरिटने सुटते, म्हणून ब्रश भिंतीवर फिरला होता की लाकडावर, हे आठवून पाहावे.

या भेदाला इतके महत्त्व का द्यायचे, ते थोडे विस्ताराने सांगतो. इमल्शनमध्ये ॲक्रिलिकचे सूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडून गेले की ते एकमेकांना चिकटून सलग पापुद्रा बनतो, आणि तो बनल्यावर पाण्याने पुन्हा सुटत नाही. इनॅमल आधी त्यातले टर्पेंटाइन उडून घट्ट होते आणि मग हवेतला प्राणवायू शोषून कायमचे कठीण होते. म्हणजे या दोन्ही रंगांना ठरावीक मुदत असते, आणि ती टळल्यावर तेच पाणी किंवा तेच टर्पेंटाइन निरुपयोगी ठरते. लाखेच्या पॉलिशचे आणि साध्या लॅकरचे तसे नाही. ते केवळ द्रावक उडून गेल्याने वाळतात, त्यामुळे महिन्यांनंतरही पॉलिशचा ब्रश स्पिरिटमध्ये आणि लॅकरचा ब्रश त्याच्या थिनरमध्ये टांगून ठेवला की मऊ पडतो. असा ब्रश कितीही कडक दिसला तरी टाकून देण्याची घाई करू नये.

माळव्याच्या हवेत ही मुदत आणखी आखडते. पावसाळा सरल्यावर इथली हवा झपाट्याने कोरडी होते, आणि एप्रिल-मेमध्ये तर दुपारी गरम वारे वाहतात. अशा दिवसांत इमल्शनचा ब्रश हातात असतानाच पट्टीजवळ वाळू लागतो. त्यामुळे काम चालू असतानाही दर तासाभराने ब्रश पाण्यात खळबळून झटकावा. जेवायला उठताना तो ओला असतानाच प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळावा, आणि खोलीतला पंखा बंद ठेवावा. रंगात ब्रश केसांच्या अर्ध्या लांबीपेक्षा जास्त बुडवू नये. त्याहून वर चढलेला रंग भिंतीला लागतच नाही. तो थेट बुडात जमतो.

तिसरी तपासणी: पाणी आणि साबण

ब्रश ओला असताना मऊ आणि वाळल्यावर ताठ होत असेल, तर आधी पाण्याकडे पाहावे. इंदूरमध्ये नर्मदेचे पाणी ठरावीक वेळी येते, म्हणून धुण्या-पुसण्याला पुष्कळ घरांत बोअरिंगचेच पाणी वापरतात. काळ्या पाषाणातून येणाऱ्या या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. कपड्यांच्या वडीचा साबण त्यांच्याशी मिळाला की न विरघळणारा साका तयार होतो आणि तो केसांवर बसतो. ब्रशमध्ये रंगाचा कणही उरलेला नसतो, तरी तो खरखरीत लागतो, आणि घरातले सगळे रंगवाल्याला किंवा ब्रशच्या दर्जाला दोष देत राहतात.

उपाय सोपा आणि स्वस्त आहे. एक वाटी साध्या व्हिनेगरमध्ये तितकेच कोमट पाणी मिसळून त्यात फक्त केस अर्धा तास बुडवून ठेवावेत. मग भांडी घासण्याच्या पातळ साबणाने धुऊन शेवटचे पाणी नर्मदेचे किंवा गाळणयंत्राचे वापरावे. व्हिनेगर आम्ल असल्याने क्षार सोडवते. डिस्टेंपरचे किंवा पुट्टीचे अवशेष असतील तर बारीक बुडबुडेही दिसतील, कारण त्यांत खडूची पूड असते, आणि तीही याने सैल होते. पट्टी मात्र व्हिनेगरात बुडू देऊ नये आणि ब्रश रात्रभर ठेवू नये, कारण आम्लाने पत्रा गंजतो, आणि पांढऱ्या रंगात उतरणारा तांबूस डाग हा त्या गंजाचाच असतो.

चुन्याच्या पुताईला वापरलेल्या ब्रशबद्दल इथेच सांगायला हवे. भिजवलेला चुना तीव्र अल्कली असतो. डुकराच्या केसांचा ब्रश, म्हणजे दुकानात नैसर्गिक केसांचा म्हणून मिळणारा, चुन्यात वापरला तर केस ठिसूळ होऊन तुटतात आणि कोणत्याही धुण्याने सावरत नाहीत. चुन्याला वनस्पतीच्या धाग्याची कुंची वापरतात ती याचमुळे.

चौथी तपासणी: टर्पेंटाइन कसे वापरले गेले?

ऑईल पेंटचा ब्रश योग्य द्रावकाने धुऊनही चिकट राहत असेल, तर दोष बहुधा पद्धतीत असतो. मोठ्या डब्यात भरपूर टर्पेंटाइन घेऊन त्यात ब्रश एकदाच घुसळणे ही सगळीकडे दिसणारी पद्धत महाग पडते आणि तिने ब्रशही स्वच्छ होत नाही. याचा हिशेब मांडून पाहू. निथळून दाबल्यावरही ब्रशमध्ये 10 मिलिलिटर रंग उरला असे धरू. 300 मिलिलिटर टर्पेंटाइनमध्ये तो एकदाच धुतला, तर ब्रशमध्ये उरणाऱ्या द्रवात रंगाचे प्रमाण सुमारे 31 भागांत एक भाग असते. तेच 300 मिलिलिटर तीन वाट्यांत 100-100 असे घेऊन, दर वेळी ब्रश नीट दाबून तीनदा धुतला, तर हे प्रमाण 1,331 भागांत एक भाग इतके खाली येते. खर्च तेवढाच राहतो, फरक मात्र चाळीस पटींहून जास्त पडतो.

म्हणून आधी ब्रश जुन्या वर्तमानपत्रावर कोरडा होईपर्यंत ओढावा, डब्याच्या काठावर दाबून रंग काढावा, आणि मगच पहिल्या वाटीत घालावा. प्रत्येक वाटीत केस तळाशी हलके दाबून, बोटांनी बुडापासून टोकाकडे पिळावेत. हातात नायट्राइलचे हातमोजे असावेत, कारण टर्पेंटाइन त्वचेतले तेल ओढून घेते. तिसऱ्या वाटीनंतर ब्रश पातळ साबणाने आणि कोमट पाण्याने धुणे आवश्यक असते. हे शेवटचे धुणे वगळले तर टर्पेंटाइनचा तेलकट अंश केसांवर राहतो आणि चिकटपणाची तक्रार पुन्हा उभी राहते.

वापरलेले टर्पेंटाइन बाटलीत एक-दोन दिवस स्थिर ठेवले की रंगाचा गाळ खाली बसतो. वरचे नितळ द्रावण ओतून घेऊन पुढच्या वेळी पहिल्या धुण्याला वापरता येते. ही बाटली पिण्याच्या पाण्याची नसावी. लहान मुले असलेल्या घरात हा नियम मोडूच नये, कारण नितळलेले टर्पेंटाइन पाण्यासारखेच दिसते.

पेट्रोलने ब्रश धुण्याचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. तो ऐकू नये. रंगाच्या दुकानातल्या टर्पेंटाइनची वाफ साधारण 35 ते 40 अंश तापमानाला पेट घेण्याजोगी होते, आणि इथल्या मे महिन्याच्या दुपारी तेही जपूनच वापरावे लागते. पेट्रोलची वाफ तर शून्याखालीही पेट घेऊ शकते. बंद न्हाणीघरात, गिझरच्या किंवा देवघरातल्या समईच्या जवळपास त्याचा डबा उघडणे म्हणजे जिवाशी खेळ आहे.

पाचवी तपासणी: पूर्ण वाळलेला ब्रश परत येईल का?

इमल्शनचा ब्रश असेल आणि रंग केसांच्या खालच्या अर्ध्या भागातच असेल, तर आशा बाळगावी. केस स्पिरिटमध्ये तासभर टांगून ठेवावेत, मग जुन्या कंगव्याने किंवा बोथट तारेच्या ब्रशने पट्टीपासून टोकाकडे, एकाच दिशेने विंचरावेत, आणि साबणाने धुऊन पुन्हा पाहावे. आडवे घासल्यास केस मोडतात. नायलॉन-पॉलिएस्टरच्या ब्रशला उकळते पाणी लावू नये. त्या उष्णतेने धागे कायमचे वाकडे होतात. हाताला सोसेल इतकेच गरम पाणी पुरते.

ऑईल पेंट दोन-तीन दिवसांचाच असेल, तर ब्रश टर्पेंटाइनमध्ये रात्रभर टांगून पाहावा. दांड्याला भोक पाडून त्यात तार किंवा काडी घालावी आणि ती डब्याच्या काठावर आडवी ठेवावी, म्हणजे केस तळाला टेकणार नाहीत. केसांवर उभा ठेवलेला ब्रश सकाळी वाकडा निघतो आणि तो वाक सहसा जात नाही. ऑईल पेंट महिन्यांपूर्वीचा असेल, तर टर्पेंटाइन त्याला शिवणारही नाही. अशा ब्रशसाठी पेंट रिमूव्हर आणण्याचा मोह होतो. पण साध्या चार इंची ब्रशपेक्षा रिमूव्हरचा डबा बहुधा महाग पडतो, त्याची वाफ आणि त्वचेला होणारा दाह वेगळाच, आणि त्याने केस पट्टीत धरून ठेवणारा चिकटाही सैल होतो. तो आणू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

सहावी तपासणी: आकार, गळणारे केस आणि पट्टी

बूड स्वच्छ झाल्यावरच आकाराकडे वळावे. ओले केस विंचरून सरळ करावेत, खाकी कागदाची पट्टी टोकांपर्यंत सैलसर गुंडाळून दोरा बांधावा, आणि ब्रश केस खाली ठेवून सावलीत टांगावा. केस वर ठेवले तर पाणी उतरून पट्टीत जाते, आतले लाकूड फुगते आणि पत्रा गंजतो. दोन दिवसांत आकार न आल्यास तो येणार नाही असे समजावे, आणि ब्रश प्रायमरसाठी किंवा कोपऱ्यांतली धूळ झाडण्यासाठी ठेवावा.

नव्या ब्रशचे थोडे केस गळतातच, म्हणून पहिल्या वापराआधी तो तळहातावर आपटून आणि एकदा धुऊन घ्यावा. जुन्या ब्रशचे केस जुडग्याने निघू लागले, तर आतला चिकटा सुटलेला असतो, आणि त्याला घरगुती उपाय नाही. नैसर्गिक केसांना कसरही लागते, त्यामुळे ते कागदात गुंडाळून डांबराच्या गोळीसह डब्यात ठेवावेत.

ऑईल पेंटचे काम दुसऱ्या दिवशीही चालणार असेल, तर रोज धुण्याची गरज नाही. रंगारी मंडळी ब्रश रात्री पाण्यात टांगून ठेवतात, आणि ते बरोबर आहे, कारण पाण्याखाली रंगाला प्राणवायू मिळत नाही आणि तो वाळत नाही. सकाळी झटकून, कापडाने पुसून कामाला लागावे. एक-दोन रात्रींहून अधिक मात्र तसे ठेवू नये.

कुठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

हार्डनर मिसळून वापरायचे दोन डब्यांचे पीयू किंवा इपॉक्सी ब्रशमध्ये घट्ट झाले असेल, तर तिथेच थांबावे. ती रासायनिक क्रिया उलटत नाही आणि तो ब्रश वाचत नाही. अशा कामाला पहिल्यापासूनच स्वस्त ब्रश घ्यावा.

रंग फार जुना असेल तर ब्रश किंवा डब्याची कड कोरडी घासू नये. घरगुती रंगांतल्या शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत 90 भागांपुरते मर्यादित करणारे नियम आपल्याकडे 2016 साली आले आणि नोव्हेंबर 2017 पासून लागू झाले. त्याआधीच्या रंगात शिसे जास्त असू शकते आणि त्याची धूळ लहान मुलांना विशेष घातक असते. राजवाड्याच्या आसपासच्या जुन्या वाड्यांत दारांवर थरांवर थर चढलेले आहेत. ते खरवडण्याचे काम मुले आणि गरोदर स्त्रिया घरात नसताना जाणकार रंगाऱ्याकडूनच, ओले करून करून घ्यावे.

ब्रश स्वच्छ, मऊ आणि योग्य असूनही रंग भिंतीवर ओढला जात असेल, फुगे येत असतील किंवा पापुद्रे सुटत असतील, तर ब्रशवर आणखी वेळ घालवू नये. तो भिंतीतल्या ओलीचा किंवा पुट्टीचा दोष असतो आणि तो पाहायला अनुभवी रंगकाम कंत्राटदारच हवा.

धुताना चक्कर आली, डोके दुखू लागले किंवा श्वास जड झाला, तर डबा झाकून ताबडतोब मोकळ्या हवेत यावे. डोळ्यात टर्पेंटाइन उडाले तर पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने धुऊन डॉक्टरांकडे जावे. मुलाने ते गिळले असेल तर उलटी अजिबात करवू नये, कारण उलटीबरोबर ते फुप्फुसात शिरले तर धोका अधिक वाढतो. 108 वर रुग्णवाहिका बोलवावी आणि बाटली सोबत न्यावी.

उरलेला गाळ आणि रंगाचे पाणी नालीत ओतू नये, कारण इथले नाले कान्ह नदीला मिळतात आणि कान्ह पुढे शिप्रेला. टर्पेंटाइनचा गाळ जुन्या डब्यात वाळू देऊन महापालिकेच्या गाडीवरच्या घरगुती घातक कचऱ्याच्या कप्प्यात द्यावा. जवसाच्या तेलाने किंवा ऑईल पेंटने माखलेल्या चिंध्यांचा गोळा करून कोपऱ्यात टाकू नये. तेल वाळताना उष्णता निर्माण होते, गोळ्यात ती कोंडली जाते आणि चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या अंगणात एकेक पसरून पूर्ण कडक वाळू द्याव्यात आणि मगच त्याच कप्प्यात टाकाव्यात.